ऑपरेशन कमरेचे, दुखणे पायाचे
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे खानदेशातली आहेत आणि तिन्ही कमरेच्या ऑपरेशननंतर पायात उरलेल्या किंवा नव्याने सुरू झालेल्या त्रासाविषयी आहेत. पत्र लिहून उत्तर छापून येईपर्यंत महिना-दीड महिना जातो, म्हणून ज्या तक्रारींसाठी पत्र लिहीत बसू नये त्या आधी सांगतो. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जननेंद्रियाभोवतीची व बैठकीची जागा बधिर होणे आणि दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मणक्याचे ऑपरेशन होऊ शकेल अशा रुग्णालयात त्याच रात्री पोहोचावे. अशा वेळी मज्जातंतूंचा दाब तासांच्या हिशेबाने काढावा लागतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. जखमेतून पाणी झिरपणे, उभे राहताच डोके फुटेल असे दुखणे व आडवे होताच ते थांबणे, थंडी वाजून ताप येणे किंवा एकच पोटरी सुजून घट्ट व गरम होणे, या तक्रारी असतील तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. पोटरीच्या सुजेमागे रक्ताची गुठळी असू शकते आणि तिच्यावर तेल चोळणे धोक्याचे आहे.

प्रश्न : माझे वय 47 आहे. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि मजूर कमी पडले की घड वाहण्याचे काम मीही करतो. कमरेतली गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती. सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झाले. दुसऱ्याच दिवशी पायातली कळ जवळजवळ गेली. अंगठा मात्र पूर्वीसारखाच बधिर आहे आणि दुसऱ्या आठवड्यापासून रात्री नडगीच्या बाहेरच्या बाजूने झिणझिण्या येतात व आग होते. मी रोज दोन किलोमीटर चालतो, खोकलो किंवा शिंकलो तरी कळ येत नाही. गावातले लोक म्हणतात की ऑपरेशनमध्ये नस कापली गेली. शेजारच्या बागाईतदाराचेही असेच ऑपरेशन झाले होते. तो महिनाभर ठणठणीत होता, मग फवारणीचा पंप उचलताच त्याचा पाय पहिल्यासारखा दुखू लागला. माझेही तसेच होणार का? घड कधीपासून उचलावेत?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींनी माझे अर्धे काम केले आहे. कळ कोणत्या दिवशी गेली, झिणझिण्या कधी सुरू झाल्या आणि त्या पायाच्या नेमक्या कोणत्या भागात येतात, हे तुम्ही लिहिले आहे. बाह्यरुग्ण विभागात दहापैकी आठ जण फक्त “पाय दुखतो” एवढेच सांगतात आणि मग आम्हाला खोदून खोदून विचारावे लागते. वास्तविक आपल्या भाषेत या दुखण्यासाठी नेमके शब्द आहेत. कळ, चमक, ठणका, आग, झिणझिण्या, मुंग्या, बधिरपणा आणि जडपणा यांपैकी प्रत्येक शब्द डॉक्टरला थोडे वेगळे काही सांगत असतो. दाबलेल्या मज्जामुळाची, म्हणजे मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूच्या सुरुवातीच्या भागाची कळ कमरेतून किंवा नितंबातून निघून रेषेसारखी खाली उतरते. सावरत असलेल्या किंवा इजा झालेल्या तंतूची आग बहुधा रात्री वाढते. पाय जड पडणे हे स्नायूंच्या अशक्तपणाचे लक्षण असू शकते.

आता नस कापली गेल्याच्या शंकेविषयी. मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतात, आणि त्यातून बराच घोटाळा होतो. नस दबली म्हणजे रक्त अडले असे समजून लोक पाय चोळतात, कमरेवर मूल उभे करून तुडवून घेतात आणि शेक देऊन “रक्त मोकळे” करू पाहतात. दबते ते रक्तवाहिनीसारखे पोकळ काही नसून संदेश वाहणारे मज्जामूळ असते. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मुळांचा झुपका असतो. गादी सर्वांत जास्त वेळा सरकते ती चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली किंवा पाचवा मणका व त्याखालचे त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांमधली, म्हणजे मेरुरज्जूच्या बरीच खाली. पाचव्या मुळाचा प्रदेश नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्यापर्यंत जातो. तुमच्या झिणझिण्या आणि बधिर अंगठा या दोन्ही गोष्टी त्याच पट्ट्यात येतात, म्हणजे जे मूळ आधी दबले होते तेच आता बोलत आहे. ते कापले गेले असते तर अंगठा आणि पाऊल वर उचलण्याची शक्ती ऑपरेशनच्या दिवसापासूनच एकदम कमी झाली असती. एक साधी चाचणी घरीच करून पाहा : टाचांवर उभे राहून दहा पावले चाला. उजव्या पायाइतकेच डावे पाऊल वर राहिले तर मनातली ही शंका काढून टाकायला हरकत नाही.

मग आग कशाची? महिनोन्‌महिने दगडाखाली दबलेले गवत दगड काढताच हिरवे होत नाही. दबलेल्या तंतूवरचे आवरण झिजलेले असते आणि ते भरून यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सरासरी एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर या गतीने पुन्हा वाढतो; आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर मीटरभर आहे. या काळात अर्धवट सावरलेला तंतू कारण नसताना संदेश सोडतो आणि मेंदूला ते झिणझिण्या किंवा आग असे जाणवतात. सर्वसाधारणपणे आधी कळ जाते, मग शक्ती येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी कमी होतो, तोही प्रत्येकाचा पूर्ण जातोच असे नाही. अंगठ्याचा थोडा बधिरपणा कायम राहूनही शेतीची सगळी कामे करणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत.

शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती का वेगळी आहे हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल. ऑपरेशननंतरच्या पायदुखीचे आम्ही मुख्यतः तारखेवरून तीन प्रकार पाडतो. पहिल्या प्रकारात जुनी कळ एक दिवसही थांबत नाही. अशा वेळी दाब पूर्ण निघालेला नाही का, मुळाच्या वाटेत आणखी कुठे अडथळा आहे का किंवा मुळात दुखणे खुब्याच्या सांध्याचे होते का, हे तपासावे लागते. दुसऱ्या प्रकारात काही आठवडे किंवा महिने चांगले जातात आणि मग जुनीच कळ त्याच वाटेने, बहुधा एखाद्या झटक्याबरोबर परत येते. तेव्हा उरलेल्या गादीचा तुकडा पुन्हा बाहेर आला असण्याची शक्यता सर्वांत आधी मनात येते. हे शंभरातल्या पाच ते पंधरा रुग्णांत घडते आणि अशी कळ खोकताना, शिंकताना पायात उतरते. शेजाऱ्यांना बहुधा तेच झाले असावे. तिसरा प्रकार नव्या जातीच्या दुखण्याचा. तुमची आग त्यात मोडते आणि त्यातल्या सौम्य बाजूला मोडते. याच प्रकारात दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वाढत जाणारे, रात्री कूसही बदलू न देणारे कमरेचे दुखणे मात्र गंभीर समजावे, कारण गादीच्या जागेत जंतुसंसर्ग झाला तर तो असाच सुरू होतो. त्यात ताप असेलच असे नाही आणि रक्तातील सीआरपी व ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी मोजमापे, तपासल्याशिवाय तो ओळखू येत नाही.

तुम्हाला लगेच पुन्हा एमआरआय करण्याची गरज मला दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत ऑपरेशनच्या जागेची सूज प्रत्येकाच्याच एमआरआयमध्ये दिसते, पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्याही, आणि अहवालातल्या चार ओळी वाचून माणूस घाबरतो. पुढे कधी तो करण्याची वेळ आलीच तर शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय उपयोगी पडतो, कारण जखमेचा व्रण रंगद्रव्य शोषतो आणि गादीचा तुकडा फक्त कडेने उजळतो, त्यामुळे दोन्हींत फरक करता येतो. हा फरक महत्त्वाचा अशासाठी की तुकडा काढता येतो. व्रण काढायला पुन्हा ऑपरेशन केले तर बहुधा फायदा होत नाही आणि नवा व्रण तेवढा तयार होतो.

औषधांबाबत थोडे स्पष्ट लिहितो. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही औषधे अशा आगीसाठी सर्रास दिली जातात. काहींना त्यांनी झोप लागते आणि आग सुसह्य होते. परंतु 2017 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सायटिकाच्या, म्हणजे आयुर्वेदात जिला गृध्रसी म्हणतात त्या दुखण्याच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्रीगाबालिनचा परिणाम औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही आणि चक्कर मात्र जास्त जणांना आली. म्हणून माझे मत असे आहे की चार ते सहा आठवड्यांत फरक जाणवला नाही तर ही गोळी वर्षभर चालू ठेवण्यात अर्थ नाही. पण ती एकदम सोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. गोळीने गुंगी येत असेल तोपर्यंत ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी. बाजारात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या नाव नसलेल्या काळ्या गोळ्यांपासून दूर राहावे. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस माणूस पळू लागतो आणि पुढे साखर, रक्तदाब व हाडे यांची किंमत मोजतो.

राहिला घडांचा प्रश्न. एक भरलेला घड वीस-पंचवीस किलोंचा असतो आणि तो वाकून, अंगाला पीळ देऊन, ओल्या सरीतून बांधापर्यंत न्यावा लागतो. कमरेच्या गादीवर याहून वाईट भार सुचवणे कठीण. वजन किती दिवस टाळावे याबाबत सर्जनांत एकमत नाही, सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचे सल्ले दिले जातात. तुमचे काम पाहता मी तीन महिन्यांच्या बाजूने आहे. त्याआधी चालणे वाढवावे, फिजिओथेरपिस्टकडून पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम शिकावेत आणि नंतरही एकट्याने घड न उचलता दोघांनी मिळून काठीवर घेण्याची सवय लावावी. या हंगामात कापणीचे काम टोळीला द्यावे लागेल. मजुरीचा भाव मला ठाऊक आहे, तरी दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा ती स्वस्तच पडेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई 63 वर्षांच्या आहेत. आम्ही शिरपूर तालुक्यात राहतो. मणक्यांची नळी अरुंद झाल्याने त्यांना चालवत नव्हते, म्हणून तीन महिन्यांपूर्वी स्क्रू आणि पट्ट्या बसवून ऑपरेशन केले. चालताना पाय भरून येणे थांबले, पण शुद्धीवर आल्यापासून उजवे पाऊल वर उचलले जात नाही, चप्पल पायातून निघून जाते आणि त्या दोनदा पडल्या. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला हात लावलेला कळत नाही. रुग्णालयात विचारले तर “होईल बरे” एवढेच सांगितले. नात्यातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे की पायावर डागण्या द्याव्यात. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, पहिली विनंती अशी की डागण्या देऊ नयेत. ज्या पायाची संवेदना आधीच कमी झाली आहे त्याला तापलेल्या लोखंडाने भाजले तर जखम खोल जाते, चिघळते, आणि पाऊल तसूभरही वर येत नाही. वडीलधाऱ्यांना दुखावू नये असे वाटत असेल तर “मणक्यात लोखंड बसवले आहे, जखम पिकली तर तिथपर्यंत जाईल” असे सांगावे. हे केवळ निमित्त नाही. जखमेतले जंतू रक्तावाटे स्क्रूपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

मांडीची काळजी फारशी करू नका. हे ऑपरेशन रुग्णाला पालथे झोपवून करतात, कंबरेच्या हाडाखाली उशा असतात आणि काही तासांच्या दाबाने मांडीच्या कातडीचा एक तंतू चिमटतो. त्याच्यावर कोणताच स्नायू अवलंबून नसतो. बहुतेकांत तो काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप सुधारतो. परकर किंवा लुगड्याची गाठ तेवढी त्या जागी घट्ट बांधू नये.

पावलाचे मात्र नेमके निदान झाले पाहिजे, आणि तीन महिने उलटूनही ते झालेले नाही हे मला खटकते. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दाब काढताना मूळ ताणले जाणे ही या ऑपरेशनची ज्ञात गुंतागुंत आहे आणि ती कुशल हातांतूनही घडते. पण झोपेतून उठल्याबरोबर पाऊल पडलेले आढळले, तर ते का पडले हे शोधणे ही पुढची पायरी असायला हवी होती. शक्यता मुख्यतः तीन आहेत : पाचवे मूळ ऑपरेशनमध्ये दुखावले गेले, एखादा स्क्रू हाडाबाहेर येऊन मुळाला टेकला, किंवा मूळ सुरक्षित असून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोळ्याला वळसा घालून जाणारा तंतू टेबलावर दाबला गेला. यातली तिसरी शक्यता तुम्ही घरीही थोडी पडताळू शकता. सासूबाईंना डाव्या कुशीवर झोपवा आणि उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगा. तो नीट उचलला जात असेल आणि पाऊल तेवढे उचलत नसेल, तर दोष गुडघ्याजवळ असण्याची शक्यता वाढते. खुब्याचीही शक्ती कमी असेल तर दोष मुळाशी असावा. नक्की उत्तर मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीने, म्हणजे एनसीव्ही व ईएमजीने मिळते. इजेनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ही तपासणी पूर्ण माहिती देत नाही. आता ती करण्यास काहीच अडचण नाही. स्क्रूंची जागा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. स्क्रू मुळावर असेल तर तो काढावा किंवा बदलावा लागतो आणि त्यात आणखी महिने घालवू नयेत.

यासाठी रुग्णालयाकडून ऑपरेशनची लेखी नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनच्या सीडी मागून घ्याव्यात. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शांतपणे, लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ती कागदपत्रे घेऊन आधी त्याच सर्जनला भेटावे, कारण आत काय दिसले आणि काय केले हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. समाधान झाले नाही तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घेता येईल.

पाऊल बरे होईल का, याचे प्रामाणिक उत्तर आज उरलेल्या शक्तीवर अवलंबून आहे. बोटे किंचित जरी हलत असतील तर आशा चांगली. वर्ष-दीड वर्षापर्यंत सुधारणा होत राहते, त्यानंतर क्वचितच. तोपर्यंत पाऊल काटकोनात धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार, ज्याला एएफओ म्हणतात, तो मापाने बनवून बुटात घालावा. सासूबाई बूट घालायला लाजतील, तर मागे पट्टा असलेली सँडल चालेल. सपाता आणि मोकळ्या चपला मात्र घरातूनही बाद कराव्यात. टाचेमागचा स्नायुबंध आखडू नये म्हणून दिवसातून तीन वेळा पाऊल हाताने वर ताणावे. त्या मिश्री लावत असतील तर ती बंद करावी. निकोटिनमुळे स्क्रूंभोवतीचे हाड जुळून येण्यास अडथळा होतो, आणि हाड जुळले नाही तर पुढे स्क्रू ढिले पडतात.

आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना अंगणातली फरशी आणि गच्ची इतकी तापते की निरोगी माणूस पाय उचलून घेतो. बधिर पायाला ते समजत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतात. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक आणि आंघोळीचे पाणी यांचेही तसेच आहे. पाणी आधी हाताच्या कोपराने पाहावे आणि रोज रात्री तळपाय उजेडात तपासावा. बाभळीचा काटा आठवडाभर आत राहून पाय सुजल्यावर आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला 66 वर्षांचा गृहस्थ आहे. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, आहार शाकाहारी आहे. दोन वर्षांपूर्वी गादीचे ऑपरेशन झाले आणि उजव्या पायाची कळ पूर्ण गेली. गेल्या सहा महिन्यांपासून दोन्ही तळपायांची आग होते, मोजे घातल्यासारखे वाटते. ऑपरेशन बिघडले का? पुन्हा एमआरआय करू का?

उत्तर : दोन्ही पाय, बोटांपासून सुरुवात आणि मोज्यासारखा बधिरपणा, ही लक्षणे कमरेकडे बोट दाखवत नाहीत. एका मुळावर दाब आला तर एका पायाचा एक पट्टा दुखतो. तुमच्या तक्रारीमागे मधुमेहाने झालेली तंतूंची झीज असावी आणि तिला ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेची जोड असावी, कारण हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. एमआरआयच्या आधी एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ब-12, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) तपासावे. चारही तपासण्या मिळून एका एमआरआयच्या खर्चाचा छोटा भाग होतात. ब-12 कमी निघाले तर इंजेक्शनांचा पूर्ण क्रम घ्यावा, पण ते मोजल्याशिवाय “ताकदीची” बी-कॉम्प्लेक्स इंजेक्शने घेत राहू नये, कारण त्यांतले ब-6 प्रमाणाबाहेर गेले तर त्यानेच तळपायांना मुंग्या येतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती पाहून ठेवा. स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. अर्ध्या वाटेत पोटऱ्या भरून आल्या आणि नुसते उभे राहताच दोन मिनिटांत मोकळ्या झाल्या, तर पायांच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतील. उभे राहून बरे वाटले नाही आणि बाकावर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच पाय हलके झाले, तर मात्र कमरेचा एमआरआय करण्यास माझी संमती समजा. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये. ब-12 ची तपासणी दरवर्षी साखरेबरोबरच करून घ्यावी.